सांध्यांची गोळी

मामांनी चहाचा कप तोंडापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"नको वाटतंय," ते म्हणाले. "वासच नको वाटतोय."

माझे सासरे, तातोबा देवकर, चहाला नको म्हणाले हे लग्नानंतरच्या बारा वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं. मी कप उचलायला वाकले, तेव्हा खिडकीतला उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नव्हता. हळदीचं बोट लागल्यासारखा दिसत होता.

"मामा, वर बघा जरा."

"कशापायी?"

"बघा ना."

त्यांनी वर पाहिलं. मी कप तिथंच ठेवला आणि हणमंतला, माझ्या नवऱ्याला, हाक मारली. माझा आवाज असा निघाला असावा की तो दाढीचा फेस तोंडावर तसाच घेऊन बाहेर आला.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. त्या वर्षी आमच्या विट्यात चिकुनगुन्याची साथ होती. गल्लीत एक घर सुटलं नव्हतं. धडधाकट माणसं भिंत धरून चालत होती. आमच्याकडे आधी गार्गीला, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला ताप आला, मग मला, मग हणमंतला. आम्ही तिघं उठून बसायला लागलो तेव्हा मामा आडवे झाले. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, वजन जेमतेम अठ्ठेचाळीस किलो. डॉक्टरांनी मोठ्यांना एकच औषध लिहून दिलं होतं. पॅरासिटामॉल, साडेसहाशेची गोळी, दिवसातून तीनदा, अगदीच सहन होईना तर चौथी.

मी एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे. बाटलीच्या रंगाला भुलायचं नाही, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचायचं, एवढं नोकरीनं मला शिकवलेलं. एसटी स्टँडसमोर जेनेरिक औषधांचं नवीन दुकान निघालं होतं आणि तिथली फार्मासिस्ट तरन्नुम बागवान आमच्याच शाळेत शिकलेली. तिनं दोन पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. एक निळी, टीव्हीवर जाहिरात लागते ती. दुसरी साधी, चंदेरी.

"मॅडम, आतलं औषध एकच," ती म्हणाली. "निळीवर कंपनीनं ठेवलेलं नाव मोठं आहे, औषधाचं बारीक. हिच्यावर नुसतं औषधाचंच आहे. बाकी फरक किमतीचा."

घरात चार माणसं आजारी. मी चंदेरी घेतली. मला, हणमंतला तिनं गुण आला. गार्गीला त्याच औषधाचं सिरप आणलं होतं, तिचाही ताप उतरला. अडले ते फक्त मामा.

मामा गलाईवाले. आमच्या भागातली निम्मी माणसं सोनं आटवायला देशभर गेलेली असतात, तसे तेही चाळीस वर्षं मदुरेला होते. भट्टीसमोर बसून त्यांच्या भुवया कायमच्या विरळ झाल्या होत्या.

"स्वस्त माल म्हंजे काय," ते म्हणाले, "त्यात कायतरी मिसळल्यालं असतंय. सोन्याचं तसं, औषधाचंबी तसंच असणार. मला आपली निळी आण."

दोन दिवस आमचा वाद झाला. निळी पट्टी घरात होती ती संपली, रिकामी मीच कचऱ्यात टाकली. तिसऱ्या दिवशी मी त्यांची समजूत घातली आणि त्यांनी माझ्या हातातून चंदेरी पट्टीतली गोळी घेतली. त्यानंतर एकदाही कुरकूर केली नाही. वेळ झाली की आपणहून हात पुढे करायचे. मला वाटलं, एवढ्या हट्टी माणसाला मी वळवलं.

हे झालं त्याच्या सातव्या दिवशी त्यांचे डोळे पिवळे झाले.

विट्याच्या आमच्या डॉक्टरांनी मामांच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली, तशी मामांनी त्यांचा हातच धरला. डॉक्टर म्हणाले, इथं वेळ घालवू नका, सांगलीला न्या. गार्गीला शेजारी सोडून आम्ही शेजाऱ्यांच्याच जीपमधून निघालो. मामा मागच्या सीटवर माझ्या खांद्याला डोकं टेकून होते. तासगावपर्यंत त्यांना तीनदा उलटी झाली. चौथ्यांदा नुसतेच उमासे आले, पोटात काही उरलंच नव्हतं. मी पदरानं त्यांचं तोंड पुसत होते आणि प्रत्येक खेपेला त्यांचे डोळे बघत होते, जणू मघापेक्षा कमी पिवळे दिसतील.

दवाखान्याच्या दारात राजाक्का उभ्या होत्या. राजाक्का ही माझी थोरली नणंद, सांगलीतच राहणारी. आधल्या रविवारी त्या वडिलांना बघायला विट्याला येऊन गेल्या होत्या. त्यांनी मामांच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"रविवारी तर बोलत हुते की. आठ दिवसांत असं काय झालं?"

मी मामांना धरून आत नेलं.

अकराच्या सुमाराला रक्त घेतलं. एक वाजता डॉक्टर मगदूम मॅडमनी आम्हाला बोलावलं. चाळिशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई. त्यांच्यासमोर कागद होता आणि त्या आमच्याकडे न बघता कागदाकडे बघत होत्या.

"यकृताला मोठा मार बसलाय," त्या म्हणाल्या. "हा जो आकडा आहे तो पन्नासच्या आत हवा, तो साडेतीन हजार आहे. रक्त गोठायलाही उशीर लागतोय, ते मला जास्त काळजीचं वाटतं. घरी काय काय औषधं चालू होती?"

"फक्त पॅरासिटामॉल," मी म्हणाले. "साडेसहाशेची. दिवसाला तीन. दोन दिवस चार दिल्या."

"नक्की?"

"मी स्वतःच्या हातानं देत होते मॅडम."

"दारू?"

"माळकरी आहेत," हणमंत म्हणाला.

"काढा, झाडपाला, कुणी काही सुचवलेलं?"

"नाही."

त्यांनी पुन्हा कागद पाहिला. "तेवढ्यानं एवढं व्हायचं नाही. वय आहे, खाणं कमी होतं, तरीसुद्धा नाही. मग विषाणूची कावीळ असेल, किंवा चिकुनगुन्याबरोबर आणखी काहीतरी. तपासण्या पाठवते."

तेव्हा राजाक्का बोलल्या. "मॅडम, गोळ्या कसल्या ते विचारा की हिला."

मी पर्समधून चंदेरी पट्टी काढून टेबलावर ठेवली. राजाक्कांनी ती दोन बोटांत धरून डॉक्टरांसमोर नाचवली.

"हे बघा. ना नाव, ना गाव. घरात चार पैसे वाचवायला माझ्या बापाला हिनं असलं खायला घातलंय. त्यो माणूस सांगत हुता, मला नको म्हणून. आयुष्यभर खरं-खोटं पारखल्यालं माणूस!"

"आक्का," हणमंत म्हणाला.

"आक्का काय? खोट्या गोळ्या असतील त्या. बापाच्या पोटात काय गेलंय तुला ठावं हाय का?"

डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली, मागची तारीख वाचली. "जेनेरिक गोळी म्हणजे खोटी गोळी नव्हे," त्या म्हणाल्या. "आम्हीही लिहून देतो. पण या पट्टीत नेमकं काय आहे ते मी नुसतं बघून सांगू शकत नाही. आता आधी पेशंट बघू या."

त्यांनी माझी बाजू घेतली नाही आणि राजाक्कांचीही नाही. मी बाहेर आले. तरन्नुमच्या दुकानातला सगळा माल मी डोळ्यांसमोर आणून बघत होते. ती पोर प्रामाणिक होती, पण तिला तरी काय माहीत, खोक्यात काय येतं? आणि मी तीच गोळी स्वतः घेतली होती, नवऱ्याला दिली होती. मला काय झालं? काहीच नाही. मग मामांनाच का? या टोकापासून त्या टोकापर्यंत माझं मन धावत होतं आणि कुठंच थांबत नव्हतं.

मी जिन्याजवळ जाऊन तरन्नुमला फोन लावला. बोलता बोलता मला रडू यायला लागलं. तिनं माझं बोलणं मध्ये तोडलं नाही.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "गोळीत औषध कमी असतं, तर ताप उतरला नसता. दुखणं थांबलं नसतं. तसं झालं का?"

"नाही. ताप चांगला उतरायचा."

"यकृताला मार बसतो तो हे औषध जास्त झालं की. कमी झालं की नाही. आजोबा आणखी कुठून काही घेत होते का? सर्दीची गोळी, डोकेदुखीची गोळी? त्यांच्यातही हेच असतं पुष्कळदा."

"नाही गं. दुसरं काही घरातच नव्हतं."

"एकदा त्यांनाच विचारा ना," ती म्हणाली. "मी या खोक्याचा नंबर काढून ठेवते. तपासायला द्यायचा असला तर देऊ. पण आधी त्यांना विचारा."

मामा खाटेवर डोळे मिटून होते. हाताला सलाईन. आवाज दिला तर ओ देत होते, पण उशिरा, लांबून आल्यासारखी. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"मामा, मी देत होते त्या गोळीशिवाय दुसरी कुठली गोळी घेतली का तुम्ही?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "व्हय की."

मी आणखी खाली वाकले. "कुठली?"

"निळी. तापाची."

"निळी कुठून आली तुमच्याकडे?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"किती घ्यायचा मामा? दिवसाला किती?"

"तीन... चार. तू सांध्याची दिलीस की मागनं तापाची घ्यायचो." ते दमले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत, मलाच समजावत असल्यासारखे म्हणाले, "तूच म्हणालीस न्हवं, ती येगळी आन् ही येगळी?"

हो. मीच म्हणाले होते.

मी त्यांची समजूत कशी घातली होती, ते मघाशी सांगितलं नाही. तेव्हाही मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या तिसऱ्या दिवशी वादाला मी कंटाळले होते. माझेच गुडघे ठणकत होते, गार्गी कण्हत होती, आणि हा म्हातारा माणूस निळी पाहिजे म्हणून तोंड फिरवून बसला होता. मी चंदेरी पट्टीतली गोळी काढली आणि म्हणाले, "मामा, ही तुमच्या तापाच्या गोळीच्या बदली नाहीच मुळी. ही सांध्यांची गोळी आहे. वेगळी. नवीन निघालीये, ताकदीची." ते एकदम वळले. "आसं व्हय? मग आदी सांगायचं," म्हणाले, आणि घेतली. मला त्या वेळी हसू आलं होतं. लहान मुलाला फसवून औषध पाजावं तसं झालं होतं.

मी वॉर्डातून बाहेर आले. जिन्याजवळच्या बाकावर हणमंत बसला होता, सुजलेली बोटं दाबत. शेजारी राजाक्का, पदरात तोंड घालून. समोरच्या दारावर डॉक्टर मगदूम मॅडमच्या नावाची पाटी.

त्या दारापर्यंत दहा पावलं असतील. त्या दहा पावलांत मी काय काय विचार केला ते मला आजही लख्ख आठवतं आणि आजही त्याची लाज वाटते. मी ठरवत होते की डॉक्टरांना एवढंच सांगायचं: सासऱ्यांनी आमच्या नकळत दुसरी गोळीही घेतली. ते खरंच होतं. वय झालंय, गोंधळ होतो, असं म्हटलं की कुणीही मान डोलावली असती. तेवढ्यावर भागलं असतं. सांध्यांच्या गोळीचं कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

मी दार लोटलं. राजाक्का आणि हणमंत माझ्या मागोमाग आत आले.

"मॅडम, मामांनी दोन्ही गोळ्या घेतल्यात. माझी आणि निळी. सहा-सात दिवस."

डॉक्टर ताठ बसल्या. "दोन्ही? म्हणजे दुप्पट?"

"शक्यच न्हाई," राजाक्का म्हणाल्या. "आमचे अप्पा तसं करायचे न्हाईत. गुंजभर चूक कधी केली न्हाई त्या माणसानं. ताप डोक्यात गेला आसंल, काहीबी बोलत असतील."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "ते भ्रमात बोलतायत का? कारण हे खरं असलं तर मला आत्ता, या घटकेला उतारा सुरू करायला लागेल. आणि काविळीचे विषाणू असले तर उपचार निराळे. मला अंदाजावर चालायचं नाही. एवढा पारखी माणूस एकच औषध दोनदा का घेईल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भ्रम म्हटलं असतं तर डॉक्टर थांबल्या असत्या. चूक म्हटलं असतं तर राजाक्कांनी ते मान्य केलं नसतं आणि त्यात आणखी वेळ गेला असता. आणि खाटेवर तो माणूस पिवळा होत चालला होता.

"भ्रम नाही," मी म्हणाले. "त्यांची चूकही नाही. त्यांना ते एकच औषध आहे हे माहीतच नव्हतं. मी त्यांना खोटं सांगितलं. म्हणाले, ही सांध्यांची वेगळी गोळी आहे. ते स्वस्तातली घेत नव्हते म्हणून. त्यांनी मग माझी सांध्यांसाठी घेतली आणि निळी तापासाठी. मी सांगितलं तसंच केलं त्यांनी."

मी हणमंतकडे बघितलं नाही. राजाक्का आता ओरडतील म्हणून मी मान खाली घालून थांबले.

पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज आला, तो त्यांचा वाटतच नव्हता.

"निळ्या पट्ट्या मी दिल्या."

हणमंतनं मान वर केली.

"रविवारी," त्या म्हणाल्या. "तीन पट्ट्या, धा-धा गोळ्यांच्या. त्यांच्या बनियनच्या खिशात ठिवल्या. म्हटलं, सून दील ती घ्या, तिला नको म्हणू नका, उगं घरात तंटा नको. पर ही आपली घेत जावा. आन् तिला सांगू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला काय ठावं, आत एकच हाय म्हणून? मघाशी भ्याले म्हणून न्हाई म्हटलं."

"आज त्यातल्या किती उरल्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

हणमंत धावत वॉर्डात गेला आणि मामांच्या अंगातून काढलेलं बनियन घेऊन आला. आतल्या शिवलेल्या खिशात एक रिकामी पट्टी, एक अर्धी, आणि एकीत फक्त एक गोळी. डॉक्टरांनी मोजल्या. रविवारपासून मामांनी चोवीस निळ्या गोळ्या घेतल्या होत्या. मी दिलेल्या त्या वेगळ्याच.

त्यांनी फोन उचलला. कुठलं औषध किती आणायचं ते इंग्रजीत सांगितलं. ठेवला आणि म्हणाल्या, "उतारा लगेच सुरू करतो. उशीर झालाय, पण हातातून गेलंय असं मी आत्ता म्हणणार नाही. आणखी चार तासांनी सांगितलं असतंत तर काय म्हणाले असते, मला माहीत नाही."

दुपारी अडीच वाजता मामांच्या सलाईनमधून ते औषध जायला लागलं.

पुढचे तीन दिवस आम्ही तिघं त्या बाकावर बसून काढले. रोज सकाळी रक्त घेऊन जायचे आणि रोज दुपारी आकडा यायचा. दुसऱ्या दिवशी तो पाच हजारांवर गेला. त्या दिवशी मामा मला ओळखेनात. मला "शेवंता" म्हणाले, म्हणजे माझ्या गेलेल्या सासूबाई. डॉक्टर म्हणाल्या, आजची संध्याकाळ महत्त्वाची. मी जेवले नाही. राजाक्का घरून डबा घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "खा. तू पडलीस तर आणखी एक खाट लागंल." एवढंच. ते प्रेमानं म्हणाल्या की रागानं, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. भाकरी हातात घेतली.

हणमंत माझ्याशी बोलत नव्हता. औषध आण, कागद दे, एवढंच. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी चहा पिताना मीच म्हणाले, "तुला राग आलाय."

"गोळीचा नाही आला," तो म्हणाला. "माझ्याच घरात, माझ्याच बापाला एकीनं एक सांगितलं, दुसरीनं दुसरं. आणि मी त्याच घरात बसून गुडघे शेकत होतो. मला कुणी काही सांगायच्या लायकीचा समजलंच नाही."

आम्ही कप ठेवले आणि वर गेलो.

त्याच दुपारी आकडा दोन हजारांवर आला. रक्तही पुन्हा वेळेत गोठायला लागलं होतं. डॉक्टर मॅडम कागद हातात घेऊन स्वतः बाहेर आल्या, आणि या खेपेला त्या कागदाकडे नाही, आमच्याकडे बघत होत्या. राजाक्का भिंतीला टेकून खालीच बसल्या. मामांनी त्या संध्याकाळी मला माझ्या नावानं हाक मारली. "विजयमाला, चहा मिळंल का?"

बाराव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं.

घरी आल्यावर मला वाटत होतं, आता ते विचारतील. राजाक्कांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, स्वतःचं आणि माझंही. पण आठवडाभर ते गप्प आणि मी त्यांच्यासमोर जाताना चोरासारखी. शेवटी एका सकाळी ते अंगणात उन्हाला बसले होते, मी भाताची पेज घेऊन गेले. त्यांनी वाटी हातात घेतली नाही.

"बस," म्हणाले.

मी पायरीवर बसले.

"ती गोळी तीच हुती?"

"हो मामा. तीच होती."

"मग मला सरळ का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दोन दिवस सांगत होते. तुम्ही ऐकत नव्हता."

"न्हवतो ऐकत," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशीबी ऐकलं नसतं. भांडलो असतो. ताटावरनं उठून गेलो असतो. पर भांडण परवडलं असतं पोरी. मला येडा समजून गप्प केलंस, ते न्हाई परवडलं."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, गप्प हो म्हणाले नाहीत. मग पेज गार होईल म्हणून वाटी घेतली आणि प्याले.

ते गोळी-औषधावाचूनच बरे होत गेले. डॉक्टरांनी दोन महिने वेदनेची कुठलीच गोळी द्यायची नाही असं बजावलं होतं. पण चिकुनगुन्या सांध्यांत घर करून बसतो. थंडी पडली तशी त्यांची मनगटं आखडायला लागली. पौष महिन्यात आम्ही त्यांना पुन्हा सांगलीला दाखवलं. रक्त सगळं ठीक होतं. मगदूम मॅडम म्हणाल्या, आता लागेल तेव्हा एक घेऊ दे, दिवसाला दोनच्या वर नाही, आणि बरोबर दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाजारात निघाले. मामा दारात उभे होते. मी पिशवी खांद्याला लावली आणि त्यांच्यासमोर थांबले.

"मामा, गोळी आणायची आहे. दोन मिळतात. एक स्वस्त, एक महाग. आत औषध एकच आहे, तेवढंच आहे, जरासुद्धा फरक नाही. तरन्नुम सांगते, मगदूम मॅडमही सांगतात. कुठली आणू?"

ते आखडलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत होते.

"एकच हाय म्हणतीस?"

"एकच."

"मला पटलं," ते म्हणाले. आणि ओशाळल्यासारखे, "तरी निळीच आण. डोक्याला पटलंय गं, पर मन घेत न्हाई. पोटात जायची चीज हाय."

मला हसू आलं. आजारपणानंतर पहिल्यांदा. "बरं," मी म्हणाले.

एसटी स्टँडसमोर मी आधी तरन्नुमच्या दुकानात गेले. घरात, माझ्या पर्समध्ये आणि हणमंत चालवतो त्या टेंपोत मिळून चंदेरी पट्ट्या होत्या त्या सगळ्या मी बरोबर आणल्या होत्या. तिच्या काउंटरवर ठेवल्या.

"माझ्या गोळ्यांत काही नव्हतं हो मॅडम," ती घाईघाईनं म्हणाली.

"माहीत आहे मला. पण मामांना निळी पाहिजे. आणि आमच्या घरात आता दोन नावं नकोत."

तिनं पट्ट्या गोळा केल्या. "हे बरोबर केलंत," म्हणाली, आणि शेजारच्या मेडिकलकडे बोट दाखवून तिथं निळी मिळेल म्हणून सांगितलं. स्वतःचं गिऱ्हाईक असं स्वतःच दुसऱ्याकडे पाठवणारी दुकानदार मी नंतर पाहिली नाही.

घरी येऊन मी निळ्या पट्ट्या मामांसमोर ठेवल्या. त्यांनी मोजल्या. चार होत्या.

"एवढ्या कशाला?"

"ह्या तुमच्या, ही माझी आणि हणमंतची. पुढं कुणालाही ताप आला तरी हीच."

"तुमी घ्या की स्वस्तातली. तुमाला कुठं माझ्यासारखं हाय?"

"नको मामा. घरात गोळी एकच राहू दे. तुम्ही म्हणाल ती. कुणी कुणाला खोटं सांगायला नको आणि लपवायला नको."

त्यांनी एक पट्टी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि मला विचारलं, औषधाचं नाव यात कुठं लिहिलंय. मी बोट ठेवून दाखवलं, बारीक इंग्रजी अक्षरांवर. त्यांना ते वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यांनी ते लांबलचक नाव दोनदा माझ्यामागे म्हटलं, चुकत, अडखळत. मग पट्टी माझ्या हातात परत दिली.

"तुझं खरं हाय," ते म्हणाले. "घरात गोळी एकच बरी."